संस्कारी बेट्टा

बारशाच्या दिवशी, पाळण्याभोवती चाळीसएक माणसं उभी असताना, अभिनंदन तेरदाळेच्या बारा दिवसांच्या मुलीने बापाचं एक वाक्य ऐकलं, दोन्ही गाल टम्म फुगवले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच क्षणी गॅलरीतल्या बरण्यांमधल्या सगळ्या माशांनी हुबेहूब तेच केलं.

तर असं काही झालेलं नाही. बाळाला गॅस झाला होता. माशांचं म्हणाल, तर मासे काय, काहीही करतात. सांगलीच्या पारिजात सोसायटीतल्या उपस्थित सर्वांचं यावर एकमत आहे, आणि ज्या सोसायटीचं पार्किंगवर आजतागायत एकमत झालेलं नाही, तिचं ज्यावर झालं ते खरंच मानायला हवं. त्यामुळे आपणही ते झालं नाही असं धरू आणि सुरुवातीपासून सुरुवात करू.

त्या वर्षांत घरोघरी शिकलेले प्राणी आले होते. शिकवलेले नव्हेत, शिकलेले. पूर्वी कुत्र्याचं पिल्लू आणलं की त्याला बाहेर जायची सवय लागेपर्यंत घरातला गालिचा कामी यायचा. आता पिल्लू पहिल्या दिवशीच स्वतःहून दाराशी जाऊन उभं राहायचं, कारण ते त्याच्या बापाला शिकवलेलं असायचं. पोपट अंड्यातून बाहेर आले की 'या, बसा' म्हणायचे. कुणाला बसायची इच्छा आहे की नाही, हे मात्र त्यांना अजून कळत नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच शोध होता: पितृवळण. शब्द भारदस्त आहे, मामला साधा आहे. बापाचं नाक, बापाचं टक्कल हे पेशीत छापील मजकुरासारखं असतं, ते बदलत नाही. पण त्या मजकुराच्या कडेला पेन्सिलीच्या खुणाही असतात. हे मोठ्याने वाचा, हे गाळा, असल्या. त्या खुणा जगताना पडतात. बापाला कशाची भीती बसली, कशाचा राग आला, तर काही अगदी बारीक रेणू त्याची खूण पुढच्या पिढीकडे पोचवू पाहतात. बहुतेक खुणा वाटेतच पुसल्या जातात, आणि एरवी ते बरंच असतं. मिरजेच्या मत्स्य-वळण केंद्राने इतकंच केलं, की त्या पुसल्या जाऊ नयेत अशी व्यवस्था केली.

यासाठी त्यांना बेट्टा मासा सोयीचा पडला, कारण बेट्टात बाळंतपण बापाचं असतं. नर पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीची अंडी खाली पडता पडता तोंडात झेलतो आणि एकेक नेऊन बुडबुड्यांत ठेवतो. पिल्लू निसटलं तर पुन्हा तोंडात, पुन्हा वर. म्हणजे अंड्याला बापाची लाळ लागते, आणि केंद्राच्या माशांच्या लाळेत ते खुणा पोचवणारे रेणू खच्चून भरलेले होते. घरटं राखायच्या त्या चार दिवसांत बाप जे भोगतो, ते पिल्लं पाठ करूनच जन्माला येतात. जातीला नाव दिलं 'संस्कारी बेट्टा'. नावामुळेच अर्ध्या सांगलीत टाक्या आल्या.

अभिनंदन मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. गाड्या आता आपल्या आपण चालत असल्यामुळे, गाडीत हात न लावता कसं बसावं हे तो शिकवायचा. हे चालवण्यापेक्षा अवघड आहे. चौक आला की लोक हात घालतात. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर “मी आधीच सांगितलं होतं” असं म्हणणं हा त्याचा व्यवसाय होता, आणि संध्याकाळी तो काम घरी घेऊन यायचा.

त्याची बायको त्रिशला मिरजेत तंबोऱ्यांना जवारी लावायची, म्हणजे तार नुसती न वाजता गुणगुणावी इतकी तारांखालची घोडी घासून द्यायची. दिवसभर सुरात राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर ते वाक्य जरा जास्तच टोचतं. त्यात तिला सातवा महिना होता.

“पहिल्यांदाच?” केंद्रातल्या डॉ. ऋजुता हसबनीस यांनी अभिनंदनला विचारलं.

“दोन्ही पहिल्यांदाच,” तो म्हणाला. “मासे पण, आणि बायको सातव्या महिन्यात आहे, ते पण. म्हटलं, आधी जरा सराव होईल. हा नर बाप म्हणून फार चांगला असतो म्हणे.”

“चार दिवस असतो. पाचव्या दिवशी पिल्लं आडवी पोहायला लागली की खायला सुरुवात करतो. त्याआधी बाहेर काढायचा.”

“कुणाला?”

“बापाला.”

अभिनंदनने मान डोलावली, पण ती थोडी उशिरा डोलावली.

“मादीला आधी काचेआड ठेवा,” बाई सांगत होत्या. “नुसतं दिसू दे एकमेकांना. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले की तयार आहे समजायचं. अंडी झाली रे झाली की तिला बाहेर घ्या, नाहीतर हा तिचे पर फाडतो.”

“म्हणजे आधी आई बाहेर, मग बाप बाहेर. मग पिल्लांजवळ राहतं कोण?”

“तुम्ही.”

“किती होतात?”

“दीड-दोनशे धरा. नर वेगवेगळे ठेवायचे, प्रत्येकाला एक बरणी. एकत्र ठेवले तर एकच उरतो.”

“दोनशे बरण्या ठेवायच्या कुठे?”

“हा प्रश्न लोक दोन महिन्यांनी रडत विचारतात. तुमची प्रगती चांगली आहे.” बाईंनी एक नर पिशवीत भरला. निळा, आणि चेहऱ्यावर कुणीतरी आपल्याला न विचारता रस्ता खोदल्यासारखे भाव. “आता मुख्य गोष्ट. बेट्टा वर येऊन हवा घेतो. त्याच्या डोक्यात हवेची छोटीशी खोली असते, आणि ती कानाला लागून असल्यामुळे त्याला ऐकायला फार चांगलं येतं. घरट्याचे चार दिवस घरात शांतता ठेवायची. आरडाओरडा नको, भांडण तर अजिबात नको. जे घडेल ते पिल्लांत उतरेल आणि मग निघणार नाही.”

“चार दिवसच ना? जमवू की.”

बाईंनी त्याच्याकडे, मघाशी माशाकडे पाहिलं होतं तसं पाहिलं. “सगळे हेच म्हणतात,” त्या म्हणाल्या.

नराचं नाव 'सरपंच' पडलं. टाकी हॉलमध्ये, स्पीकरच्या शेजारी ठेवली. ही जागा अभिनंदनच्या आईने, सुनंदाबाईंनी ठरवली. त्रिशलासाठी रोज सकाळी तासभर गर्भसंस्काराचं रेकॉर्डिंग लागायचंच, तर जाता जाता माशांवरही झाले संस्कार तर कुठे बिघडलं, असं त्यांचं म्हणणं.

मासे पंचांग बघत नाहीत. सरपंचाने नेमकं डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी अंडी घरट्यात नेली. अभिनंदनने मादीला बाहेर काढलं, टाकीवर घट्ट झाकण ठेवलं आणि आईला कार्यक्रम पुढे ढकलायला सांगितलं.

“आणि लोकांना काय सांगू?” आई म्हणाली. “बाळंतीण टाकीत आहे म्हणून?”

“आई, चार दिवस शांतता पाहिजे. मी आधीच सांगितलं होतं.”

टाकीत सरपंच थबकला. त्याने कल्ल्यांची झाकणं फुलवली, चेहरा दुप्पट केला आणि काचेकडे पाठ करून घरट्याखाली आडवा उभा राहिला. अभिनंदनला वाटलं, मासा आपल्या बाजूने आहे.

दुसऱ्या दिवशी तीस बायका आल्या. त्रिशलाला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं. ओटी भरून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरात आणखी एक जण तसाच आहे. शेजारच्या चौगुलेकाकूंनी टाकीच्या झाकणावर नारळ आणि तांदूळ ठेवले. “बाप का असेना,” त्या म्हणाल्या, “बाळंतपण तोच करतोय ना? आमच्याकडे कुणी केलं का?” मग सगळ्यांनी टाकीसोबत फोटो काढले. काचेवर टकटक केली. अभिनंदन टाकीपुढे हात पसरून ट्रॅफिक पोलिसासारखा उभा होता. “टकटक नको! फ्लॅश नको! मी आधीच सांगितलं होतं!” सरपंच फुगत होता, पाठ करत होता, पुन्हा फुगत होता.

पण खरा भडका उडाला तो तिसऱ्या दिवशी, पाण्यावरून.

बेट्टाची पिल्लं फक्त हलणारं खातात. जे हलत नाही ते अन्न आहे, हे त्यांना पटतच नाही. सुरुवातीला ती इतकी लहान असतात, की त्यांना पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. कोबीचं पान बरणीभर पाण्यात कुजवलं की आठवडाभरात ते हजारोंनी होतात. अभिनंदनने तशी एक बरणी आधीपासून ओट्याच्या कोपऱ्यात तयार ठेवली होती. आणि तेरदाळ्यांच्या जैन घरात गेल्या कित्येक पिढ्यांत न गाळलेलं पाणी ओट्यावर राहिलेलं नव्हतं.

सुनंदाबाईंनी सकाळी नेहमीच्या हाताने बरणी उचलली, दुहेरी कापडातून पाणी गाळलं, आणि कापडावर जे जीव राहिले ते इजा न होता जिथल्या तिथे जावेत, म्हणून सोसायटीच्या मागच्या विहिरीत हलकेच सोडून आल्या. बरणीत स्वच्छ, निर्मळ, पिल्लांच्या दृष्टीने संपूर्ण उपासाचं पाणी उरलं.

“आई, ते त्यांचं जेवण होतं!”

“आपण अंधार पडल्यावर जेवत नाही,” आई म्हणाली, “आणि तू माझ्या ओट्यावर जिवंत जीव वाढणार? तसल्या पाण्याला हात लावायचा नाही, असं सांगायचंस की.”

“मी आधीच सांगितलं होतं!”

“हळू बोल, अभी,” त्रिशला म्हणाली. तिने एक हात पोटावर ठेवला होता. “चार दिवस आहेत. चार दिवस तुला आवाज खाली घेता येत नाही.”

“मी काय मुद्दाम करतोय? तुला पण मी आधीच—”

त्रिशला पुढचं ऐकायला थांबली नाही. खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुनंदाबाई ओट्याकडे वळल्या होत्या. टाकीत सरपंचही पाठ करून उभा होता. घरात त्या क्षणी अभिनंदनकडे तोंड करून कुणीही नव्हतं. स्पीकरवर एक गोड आवाज, बाळा तू प्रेमाच्या घरात येत आहेस, असं सांगत होता.

पिल्लं मात्र जगली. अभिनंदन विहिरीवर जाऊन तेच पाणी बादलीने परत घेऊन आला. सरपंचाला वेळेवर बाहेर काढलं. पिल्लांची टाकी गॅलरीत गेली, कारण उंबऱ्याच्या आत कुणी कुणाला खाणार नाही, असा तोडगा आईने काढला. सूर्यास्तानंतर माशांनाही जेवण नाही, हे त्या तोडग्याचं दुसरं कलम.

महिना-दीड महिना बरा गेला. मग एका संध्याकाळी त्रिशला गॅलरीचं दार लावायला विसरली आणि मांजराने कठड्यावरची कुंडी पाडली.

“मी आधीच सांगितलं होतं,” अभिनंदन म्हणाला.

टाकीतली दीडशेच्या वर पिल्लं एका क्षणात थांबली. सगळ्यांनी कल्ले फुलवले. मग, कवायतीत हुकूम मिळाल्यासारखी, सगळी एकदम पाठमोरी झाली.

त्रिशला हसली. इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला. मग तिने स्वतः तेच वाक्य म्हणून पाहिलं. काही नाही. आईने म्हणून पाहिलं. पिल्लं मजेत पोहत राहिली.

“शब्दांचं नाहीये हे,” त्रिशला म्हणाली. तिच्या कानाला ते लगेच कळलं. “तुझा सूर आहे. दुसरं काहीतरी बोल बघू. चांगलं काहीतरी.”

अभिनंदनने विचार केला. “आज आमटी छान झाली होती,” तो म्हणाला.

दीडशे पिल्लं फुगली आणि पाठमोरी झाली.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. हवेबद्दल बोलला. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. त्रिशलाला म्हणाला, तू आज चांगली दिसतेस. मासे दर वेळी फुगले. त्याच्याकडे दुसरा सूरच नव्हता. आता त्रिशला हसत नव्हती.

डॉ. हसबनीस घरी आल्या, खुर्ची टाकून गॅलरीत बसल्या आणि अभिनंदनला जरा बोलायला लावून सगळं पाहून घेतलं.

“याला उतारा?” त्याने विचारलं.

“नाही. पडलेली खूण पुसता येत नाही. शेजारी दुसरी करता येते, पण पहिली राहते. पुढच्या खेपेला चार दिवस शांत राहा. नवी पिल्लं छान निघतील.”

“आणि ही?”

“ही अशीच. तुमचा आवाज सोडला तर त्यांना काही त्रास नाही.”

आता त्रिशलाने विचारलं, “डॉक्टर, हे माशांत तुम्ही घातलंय ना? माणसात असं होत नाही ना?”

“माणसात आम्ही काही वाढवलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे होत नाही.”

“म्हणजे आम्ही वाढवलेलं नाही.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, तुमच्या बाळाच्या बाबतीत लाळेबिळेचा प्रश्न नाही. पण सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं. घरातले आवाज ते ओळखायला लागतं. एखादा आवाज आला की आईची नाडी पळायला लागते, हेही त्याला कळतं, कारण ते तिथेच राहतं. रोज दोन्ही एकत्र आलं, की त्याची सांगड बसते. किती पक्की बसते, ते माणसागणिक वेगळं. माशात मला आकडा सांगता येतो, माणसात येत नाही.”

“पण आम्ही रोज गर्भसंस्कार लावतो,” सुनंदाबाई म्हणाल्या. “तासभर.”

“आणि उरलेला वेळ?”

“उरलेला वेळ काय, घर असतं की.”

“बाळ तेच ऐकतं,” बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर त्रिशलाने एवढंच विचारलं, “माशांची पुढची खेप होईल, अभी. बाळाची कुठून आणायची?”

अभिनंदनने त्या दिवसापासून ते वाक्य सोडलं. नुसतं वाक्य नाही, तो सूरही. त्रिशला तंबोरा पोटामुळे मांडीवर नाही, शेजारी आडवा ठेवायची, तार छेडायची, आणि तो त्या सुरात “मीठ दे” असं म्हणायचा सराव करायचा. गॅलरीत माशांपुढे उभा राहून तो रोज परीक्षा द्यायचा आणि रोज नापास व्हायचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो इतका गप्प झाला, की विद्यार्थी घाबरून आपोआप हात न लावता बसू लागले. नववा महिना भरत आला तेव्हा दोन-तीन मासे, बरा दिवस असेल तर, त्याच्या “मीठ दे” ला फुगेनासे झाले होते. त्या रात्री त्याने त्रिशलाच्या पोटाशी तोंड नेऊन, तंबोऱ्याच्या सुरात, स्वतःची ओळख करून दिली. आतून काही हालचाल झाली. ती कोणत्या बाजूला वळली, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

मुलगी झाली. तोवर माशांतले नर एकमेकांवर धावून जायला लागले होते, म्हणून ते लोणच्याच्या, मुरंब्याच्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या बरण्यांत गेले आणि गॅलरी एखाद्या प्रयोगशाळेच्या माळ्यासारखी दिसू लागली. बारा दिवस बापलेकीचं बरं चाललं. तो बोलायचा मोजकं, आणि सुरात.

बारशाला हॉल सजवला. पंख्याला फुगे बांधू नका, असं अभिनंदन सजावटवाल्याला म्हणाला होता. हळू, गोड आवाजात म्हणाला होता, आणि बहुधा म्हणूनच त्याने ऐकलं नाही. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, चौगुलेकाकूंना उकडलं आणि त्यांनी पंखा लावला. फुगे गरागरा फिरले, दोऱ्या गुंतल्या, पाळण्यावरची झालर एका हिसक्यात वर गेली.

अभिनंदनने ओठ दाबून धरले. त्याने खरंच धरले, सगळ्यांनी पाहिलं. पण वाक्य आलंच.

पुढचं आपल्याला माहीत आहे, आणि ते झालेलं नाही.

“गॅस,” चौगुलेकाकू म्हणाल्या.

“गॅसच,” बाकीचे म्हणाले, आणि पेढ्यांकडे वळले.

त्रिशलाने मुलीला उचललं आणि खांद्यावर घेतलं. अभिनंदन पाळण्याची दोरी हातात घेऊन तसाच उभा होता. सुनंदाबाई खुर्चीवर चढून पंख्याच्या दोऱ्या सोडवत होत्या.

“त्यात काय एवढं तोंड पाडायचं?” त्या वरूनच म्हणाल्या. “तू पण फुगवायचास की. पाळण्यात होतास तेव्हापासून. तुझे पप्पा घरात शिरून बोलायला लागले, की गाल टम्म, आणि तोंड भिंतीकडे. आम्ही म्हणायचो, पोर कसं गुटगुटीत आहे.”

“पप्पा काय बोलायचे, आई?”

सुनंदाबाईंनी एक फुगा सोडवून खाली टाकला.

“काय म्हणजे? तू बोलतोस तेच.”

दुसऱ्या दिवशी मत्स्य-वळण केंद्राच्या आवकमध्ये पुढील अर्ज आला. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.

प्रति,
मा. संचालक,
मत्स्य-वळण केंद्र, मिरज.

विषय: चार दिवस वगळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या घरी बेट्टा जातीच्या नराने घरटे राखले ते चार दिवस, तसेच त्यामागील व पुढील बोलण्याचा कालावधी, हा घडलेलाच नाही असे समजण्यात यावे व तो माझ्या मुलीच्या वळणातून वगळण्यात यावा. मासे आहेत तसे ठेवून घेण्यास अर्जदाराची हरकत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत असाच अर्ज माझ्या वडिलांनी मुदतीत करावयास हवा होता. तो त्यांनी केला नाही, व त्यांच्या वडिलांनीही केलेला दिसत नाही. आता दोघेही हयात नाहीत. तरी त्या दोघांचे अर्ज विलंब माफ करून याच अर्जासोबत दाखल करून घ्यावेत, आणि तिन्ही अर्जांचा निर्णय मुलगी माझ्याकडे पुन्हा तोंड करण्यापूर्वी कळवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अभिनंदन तेरदाळे